उजवा खांदा पाऊण इंच

“एका बाईंबरोबर हॉटेलात जेवायला जायचंय,” तो म्हणाला. “अशा वेळी पुरुषानं काय घालावं?”

मी हातातला खडू टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. चाळिशीचा माणूस. चष्मा, विरळ केस, अंगात तयार घेतलेला पांढरा शर्ट. शर्टाची उजवी बाही बोटांच्या पेरांपर्यंत आलेली आणि तो हात पँटच्या खिशात. साल त्र्याण्णव. आमच्या कराडात तेव्हा लोक बायकोला घेऊन हॉटेलात जायचे ते वर्षातून एकदा, आणि तेही पोरंबाळं आणि सासूसकट. ‘एका बाईंबरोबर’ असं सरळ सांगणारं गिऱ्हाईक मी तोवर पाहिलं नव्हतं.

मला कोणी सल्ला विचारला की माझी छाती दोन इंच वाढते. हे माप माझ्या बायकोनं घेतलेलं आहे.

“सफारी नको,” मी म्हणालो. “सफारीतला माणूस कर्ज मंजूर करायला आल्यासारखा दिसतो. चमकणारं कापड नको. टाय नको, आमटीत बुडतो. गडद निळा कोट, आत फिका शर्ट, वरचं एक बटण उघडं. आणि मुंढा मोकळा पाहिजे.”

“मुंढा म्हणजे?”

“बाही खांद्याला जोडतात ती जागा. फोटो काढायच्या कोटाचा मुंढा घट्ट असला तरी चालतो, जेवायच्या कोटाचा चालत नाही. हात तोंडाशी गेला पाहिजे. नाहीतर बाई जेवणार आणि तुम्ही बघत बसणार.”

तो हसला. हसू चांगलं होतं, हे मला तेव्हाही मान्य करावं लागलं होतं.

“मग तसाच शिवा,” तो म्हणाला. “येत्या रविवारी संध्याकाळी सात वाजता जायचंय. हायवेवरच्या ‘मेघमल्हार’ला.”

मी गळ्यातली टेप काढली. तर हा पठ्ठ्या डाव्या हातानं शर्टाची बटणं काढायला लागला.

“अहो, राहू दे. शर्टावरून घेतो आम्ही.”

“नको. वरून माप चुकेल. तुम्ही नीट बघून घ्या, मास्तर. काही राहायला नको.”

शर्ट उतरवून तो बनियनवर उभा राहिला आणि मग मला त्याचा उजवा हात दिसला. खांद्यापासून बारीक, कोपराशी किंचित वाकलेला, बोटं मुडपलेली. लहानपणीच्या तापात गेलेला हात. उजवा खांदा डाव्यापेक्षा पाऊण इंच खाली. भर दुपारी, रस्त्याकडे तोंड करून, तो माझ्यापुढे दोन्ही हात सोडून उभा होता, आणि माझ्या तोंडाकडे बघत होता.

मी माप घेतलं. आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, मापाच्या वहीत खुणा ठरवून ठेवल्या होत्या. खांदा उतरता असेल तर चंद्रकोर. पाठीला पोक असेल तर उभी रेघ. हात थरथरत असतील तर फुली, म्हणजे काज नेहमीपेक्षा मोठं करायचं, बटण लावायला त्रास नको. गिऱ्हाइकानं वही पाहिली तरी त्याला काही उमगू नये आणि दोष कापडात झाकून जावा. “टेप गळ्यात असते, ती जिभेवर आणायची नाही,” असं अण्णा म्हणायचे. शिंप्याला जे दिसतं ते दुकानाच्या उंबऱ्याबाहेर जात नाही, हा आमच्या घरचा धर्म होता.

“नाव?”

“श्रीनिवास तारळेकर.”

मी नावापुढे चंद्रकोर काढली. “काळजी करू नका. उजव्या खांद्यात पॅड घालतो, बाहीला आतून कॅनव्हास देतो. समोरच्या बाईंना पान खाईपर्यंत कळणार नाही.”

“नाही, तसं नाही,” तो म्हणाला. “लपवायचं म्हणून नाही. मला खरं तर तुम्हाला एक—”

“शुक्रवारी ट्रायलला या,” मी म्हणालो. दुसरं गिऱ्हाईक पायरी चढत होतं. आणि समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं, ही सवय मला आजही नाही.

माझी धाकटी बहीण शालन तेव्हा तेहतीस वर्षांची होती. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून काज, बटणं आणि तुरपाई करायची. दुपारी दोन तास घरी जायची, म्हणून तिनं त्या माणसाला पाहिलं नाही. नऊ वर्षांपूर्वी तिला जयसिंगपूरला दिली होती. नवरा दारुडा निघाला. अडीच वर्षांनी पुढचा एक दात पाडून त्यानं तिला एसटीत बसवून दिलं. पुढे कोर्टात काडीमोड झाला. पूर्वी ती दोरा दातानं तोडायची. दात गेल्यापासून पर्समध्ये एक छोटी कात्री ठेवायला लागली. ती कात्री दिसली की माझं डोकं फिरायचं, आणि ती दिवसातून शंभरदा दिसायची.

तेव्हापासून शालनशी कुठलाही पुरुष दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलला की मी मध्ये जाऊन उभा राहायचो. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, असं मी लोकांना सांगायचो. तोंड तिचं पोळलं होतं आणि फुंकत मी होतो, हे कोणी मला म्हणालं नाही. म्हणालं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो.

शुक्रवारी दुपारी तारळेकर ट्रायलला आला. त्यानं खांद्यावरची पिशवी टेबलावर ठेवली, आतली डायरी काढून बाजूला ठेवली आणि कच्च्या टाक्यातला कोट अंगात घातला. मी टाचण्या लावायला वाकलो आणि ती डायरी माझ्या नाकासमोर आली.

डायरीला कापडाचं कव्हर होतं. किरमिजी अस्तर, त्यावर बारीक सोनेरी बदाम. हे अस्तर मी एका शेरवानीसाठी मुद्दाम पुण्याहून आणलं होतं. त्याचा उरलेला तुकडा शालननं मागून घेतला होता, उशीला करते म्हणून. आणि कव्हरच्या कडेला जी तुरपाई होती ती किंचित डावीकडे कललेली होती. वीस वर्षं मी ती तुरपाई बघत होतो. कराडात तशी दुसऱ्या कुणाची नव्हती.

“कव्हर छान आहे,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला.

“आमच्या वाचनालयातल्या एका वाचक बाईंनी घालून दिलं,” तो म्हणाला. “मी तिथं ग्रंथपाल आहे. मास्तर, त्याबद्दलच तुम्हाला सांगायचं होतं. मी—”

“हात वर,” मी म्हणालो.

त्यानं डावा हात वर केला. उजवा जेवढा जाईल तेवढा केला. मी मुंढ्यात टाचण्या लावत गेलो. दर शनिवारी मासिकं बदलायला शालनला दोन दोन तास लागायचे ते कशामुळे, हे मला एका झटक्यात कळलं. रविवारी वाचनालयाचा वर्धापनदिन आहे, रात्री जेवायला तिकडेच आहे, असं ती कालच बायकोला सांगत होती, तेही कळलं.

“काही सांगत होता?” मी विचारलं.

तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. “नाही,” तो हळूच म्हणाला. “रविवारी सांगतो.”

तो गेल्यावर मी पाणी प्यायलो. पेला आपटला, तो फुटला. शनिवारी सकाळी मी कोट घेऊन मशीनवर बसलो. एकदा एक माणूस आपला दोष लपवून माझ्या बहिणीला घेऊन गेला होता. आता हा दुसरा, अधू हाताचा, आणि त्याची हिंमत अशी की तो दोष झाकायला तिच्याच भावाकडून कोट शिवून घेणार. माझं कापड, माझा पॅड, आणि फसणार माझी बहीण. रागानं माझ्या कानशिलातून वाफा निघत होत्या.

पॅड मी काढला नाही. उजवा खांदा असा बेमालूम बसवला की अण्णांनी पाठ थोपटली असती. ते माझ्या कामाच्या नावासाठी. मग डावा मुंढा घेतला. डावा, म्हणजे त्याचा एकच चांगला हात. तो मी काखेत सव्वा इंच आत घेतला. हात खाली सोडून उभं राहिलं तर काही कळू नये, पण कोपर छातीच्या वर गेलं की कोटानं धरून ठेवावं. वरून दुहेरी शिलाई मारली, जोर लागला तरी उसवू नये म्हणून. मला त्याला त्या टेबलावर, तिच्यासमोर, घास हातात धरून बसलेला बघायचं होतं. कोट काढायला लागेल, हात उघडा पडेल, आणि तिला दिसेल.

काजं शालनच्या हातात द्यायची सोय नव्हती, मुंढा तिला लगेच दिसला असता. तिन्ही काजं मीच केली. वाईट झाली. रविवारी चार वाजता तो कोट न्यायला आला. तिथंच घालून बघतो आणि मग ते राहिलेलं सांगतो म्हणाला.

“इस्त्री मोडेल,” मी म्हणालो. “घरी घाला. ट्रायल झालीय ना?”

“झाली,” तो म्हणाला. “तुमच्यावर विश्वास आहे.”

हे वाक्य ऐकून मला लाज वाटायला हवी होती. मला आणखी राग आला.

पावणेसातलाच मी ‘मेघमल्हार’मध्ये जाऊन बसलो. हात धुवायच्या बेसिनशेजारी एक कुंडीतलं मोठं झाड होतं, त्याच्यामागचं टेबल धरलं आणि चहा मागवला. या वेळी चहा मिळत नाही म्हणाला वेटर. मग पापड मागवला.

शालन आली ती पोपटी साडी नेसून. ही साडी तिनं घडी मोडून कधी नेसलेली मी पाहिली नव्हती. तारळेकर उठून उभा राहिला. कोट त्याला शोभत होता, आणि याचाही मला राग आला. ती कोटाकडे बघत राहिली, मग त्याच्या कॉलरच्या कडेवरून तिनं एक बोट फिरवलं. शिवण ओळखली असणार. तिनं हसून काहीतरी विचारलं, त्यानं मान हलवली. मला ऐकू येत नव्हतं.

जेवण आलं. त्यानं डाव्या हातानं भाकरी मोडली. शेजारच्या टेबलावरच्या एका जाड गृहस्थानं डाव्या हाताकडे पाहिलं आणि बायकोला कोपरानं ढोसलं. तारळेकरनं घास उचलला. तो छातीपर्यंत गेला आणि थांबला. त्यानं खांदा हलवून पाहिला. पुन्हा उचलला. पुन्हा तिथंच थांबला. मग त्यानं मान खाली घातली, ताटाकडे वाकला, घासाकडे तोंड न्यायला बघू लागला.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला फार बरं वाटलं.

घास त्यानं ताटात ठेवला. शालन काहीतरी म्हणाली. तो हसला, उभा राहिला आणि कोट काढू लागला. पण अधू हातानं बाही ओढता येईना, आणि चांगला हात मुंढ्यानं धरलेला. कोट पाठीवर अर्धा उतरला आणि दोन्ही कोपरांशी अडकला. तो तसाच उभा राहिला, हात मागे बांधून कोणी पकडून आणल्यासारखा. जाड गृहस्थ मोठ्यानं हसला. वेटर पाण्याचा जग घेऊन थबकला.

तारळेकर कुणाकडेच बघत नव्हता. त्याचे कान लाल झाले होते. आणि मला अचानक तो दुकानात बनियनवर उभा होता तसा दिसला.

शालन उठली. टेबलाला वळसा घालून त्याच्याजवळ गेली, कोट दोन्ही हातांनी वर ओढून परत खांद्यावर नीट बसवला. मग त्याच्या डाव्या काखेत दोन बोटं घातली. शिंप्याची पोर ती. बोटं एकदा पुढे गेली, एकदा मागे, आणि थांबली. तिचा चेहरा मला बाजूनं दिसत होता. तो चेहरा मी एकदाच पाहिला होता, ती जयसिंगपूरच्या एसटीतून उतरली तेव्हा.

तिनं पर्समधून कात्री काढली.

“काढायचा कशाला?” ती म्हणाली. आता मला ऐकू आलं, कारण सगळं हॉटेल गप्प झालं होतं. “छान दिसताय. हात जरा बाजूला धरा.”

आणि भर हॉटेलात, उभ्या उभ्या, तिनं काखेतली शिवण उसवली. दुहेरी होती, वेळ लागला. टाके तुटण्याचा आवाज माझ्या टेबलापर्यंत येत होता. मग ती म्हणाली, “आता बघा,” आणि त्यानं डावा हात वर केला. काखेत पांढरं कॅनव्हास दिसत होतं. तो खाली बसला आणि जेवू लागला. जाड गृहस्थ आपल्या ताटात बघायला लागला.

मी कधी उठून उभा राहिलो ते मला कळलं नव्हतं. शालननं मान वळवली आणि झाडाच्या वरून मला पाहिलं. तिला नवल वाटलं नाही. ती सरळ माझ्या टेबलाशी आली आणि समोरच्या खुर्चीवर बसली.

“कापताना चुकलं का, दादा?”

“हो.”

“किती?”

“अर्धा इंच असेल.”

“मी बोटं घातली होती. सव्वा इंच आहे. आणि चुकलेल्या जागी दुहेरी शिलाई कोण मारतं?”

माझा राग तेव्हाही विझला नव्हता. “तो तुला फसवतोय,” मी म्हणालो. “त्याचा उजवा हात बघितलायस का तू? पॅड घाल म्हणून आला होता माझ्याकडे.”

“पॅड त्यांनी मागितला?”

मी आठवून पाहिलं. पॅड मीच घातला होता.

“दादा, ते वाचनालयात काउंटरवर बसतात. दर शनिवारी माझ्यासमोर डाव्या हातानं नोंद करतात. गेल्या पावसाळ्यापासून मी तो हात बघतेय. मला काय फसवणार ते?”

ही गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नव्हती. रागावलेल्या माणसाला समोरचा खांब दिसत नाही म्हणतात.

“मग माझ्याकडे कशाला आला?” मी विचारलं. “कराडात दुसरे शिंपी नाहीत?”

“मला आत्ताच कळलं, कोट बघून. मी विचारलं, दादाकडे कशाला गेलात? तर म्हणाले, तूच सांगितलं होतंस ना.” ती थांबली. “मी त्यांना एकदा बोलले होते. म्हटलं, पहिल्या लग्नात नवरदेवाच्या सुटाचं माप दादानंच घेतलं होतं, पण बिचाऱ्या दादाला त्याच्या दारूचं काही कळलं नाही. ते म्हणाले, मग या वेळी तुझ्या भावानं आधी सगळं बघावं. मागाहून कुणी म्हणायला नको की खोट लपवली. म्हणून आले तुझ्याकडे. शर्ट काढून उभे राहिले का?”

“हो.”

“आणि तू हे केलंस.”

वेटरनं पापड आणून ठेवला. आम्ही दोघं त्या पापडाकडे बघत होतो.

“दादा,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदा हलला. “एक विचारू? तेव्हा तुला खरंच काही दिसलं नव्हतं ना?”

“नाही,” मी म्हणालो.

ती उठून त्यांच्या टेबलावर गेली. मी पापडाचे पैसे ठेवले आणि स्कूटरवरून घरी आलो.

सोमवारी सकाळी दुकान उघडून तासभर झाला असेल, तारळेकर कोट हातावर टाकून आला. तो येईल असं मला वाटलं नव्हतं. आला तर शिव्या देईल असं वाटलं होतं, आणि दिल्या असत्या तर मलाही भांडता आलं असतं.

“काखेत उसवलंय,” तो म्हणाला. “तेवढं नीट करून द्या.”

“तुम्हाला राग नाही आला?”

“आलाय. अजून आहे. पण कोट चांगला आहे आणि तो माझा आहे.” त्यानं कोट टेबलावर ठेवला. “एक करा, मास्तर. पॅड काढून टाका. मी मागितला नव्हता.”

“पॅड काढला तर खांदा पडेल.”

“खांदा पडलेलाच आहे.”

मी वही उघडली. पान उलटताना माझा हात जुन्या पानांवर गेला. तारळेकर ‘परवा येतो’ म्हणून पायरी उतरला. मी मात्र वहीत मागे मागे जात राहिलो, नऊ वर्षं मागे, आणि जे पान सापडावं असं मला वाटत नव्हतं ते सापडलं.

कोट घेऊन मी मागच्या खोलीत गेलो. शालन खिडकीशी बसली होती. कालपासून ती माझ्याशी बोलली नव्हती. मी कोट पुढ्यात ठेवला. तिनं तो उलटापालटा केला आणि मी केलेली काजं पाहिली.

“ही कसली काजं?” ती म्हणाली आणि तिथल्या तिथं उसवायला घेतली. एक नवं केलं, दुसरं केलं. मी दारात उभा होतो. तिसरं अर्धं झालं तेव्हा मी बोललो.

“शालन, दिसलं होतं.”

सुई चालूच राहिली.

“सकाळचे अकरा वाजले होते,” मी म्हणालो. “जयसिंगपूरहून आला होता सुटाचं माप द्यायला. छातीचं माप घेताना तोंडाला वास आला. बोटं थरथरत होती, शर्टाचं बटण त्याला परत लावता येईना. मी लावून दिलं.”

“अण्णांना सांगितलंस?”

“नाही. पत्रिका वाटून झाल्या होत्या. कार्यालय ठरलं होतं. आणि अण्णाच म्हणायचे, टेप जिभेवर आणायची नाही.”

“गिऱ्हाइकाबद्दल म्हणायचे ते.”

“हो.”

“मी गिऱ्हाईक होते का?”

 वही माझ्या हातात होती, ते पान उघडं होतं, आणि त्याच्या नावापुढची फुली तिला बसल्या जागेवरून दिसत होती. खुणा तिलाही पाठ होत्या. सुई थांबली.

“त्या सुटाची काजं मी केली होती,” ती म्हणाली. “हौसेनं केली होती. तू म्हणालास, मोठी कर.”

“हो.”

“मी विचारलं, एवढी मोठी कशाला.”

“हो.”

“तर तू म्हणालास, हल्ली फॅशन आहे.”

ती पुढे बोलेल, ओरडेल, वही फेकेल म्हणून मी वाट बघत उभा राहिलो. तिनं खाली मान घालून तिसरं काज पुरं केलं. बारीक, एकसारखं, नेमकं बटणापुरतं. मग पर्समधून कात्री काढून दोरा कापला, कात्री परत पर्समध्ये ठेवली आणि पर्स खांद्याला लावली.

“कोट तूच नेऊन दे त्यांना,” ती म्हणाली. “आणि उद्यापासून काजाला दुसरं कोणीतरी बघ.”

ती दुकानातून, माझ्या टेबलासमोरून, पुढच्या दारानं गेली.

दीड महिन्यानं त्यांनी रजिस्टर लग्न केलं. मला बोलावणं नव्हतं, पण साक्षीदारांतला एक आला नाही म्हणून तारळेकरांनी माणूस पाठवला, आणि मी जाऊन सही केली. त्यांनी तोच कोट घातला होता. उजवा खांदा पाऊण इंच खाली होता आणि तो कोणाच्या लक्षात येत नव्हता. शालननं मला पेढा दिला, हातावर दिला, आणि पुढच्या माणसाकडे वळली.

काजाला मी दुसरं कोणी ठेवलं नाही. मीच करतो. गिऱ्हाइकं तक्रार करतात की मोठी होतात.